कागद खाणारा बकासुर

अकरा वाजत आले होते. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग ह्या परीकथांच्या बागेत शिरून तासभर झाला होता आणि आम्ही चौघं एका कचरापेटीसमोर उभे होतो.

कचरापेटी म्हणायचं ते कामापुरतं. दिसायला तो एक गलेलठ्ठ माणूस. गोबरे गाल, भला मोठा उघडा जबडा आणि आतून येणारी हाक, "पापीर हीर! पापीर हीर!" म्हणजे 'कागद इकडे!' तोंडाजवळ कागद नेला की आतली हवा तो सर्रकन ओढून घेते, आणि मग हा म्हणतो, "दांक ये वेल." आभारी आहे. ह्याचं नाव हॉले बॉले खाइस. डच बडबडगीतातला हा खादाड गाय, वासरू आणि अर्धा घोडा खाऊनही उपाशीच राहतो. १९५९ पासून तो ह्या बागेत बसून लोकांचा कचरा खातोय, आणि आता जागोजागी त्याचे भाऊबंदही बसलेले आहेत.

माझी लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. नाक पुसलेला टिश्यू मी तिच्या हातात दिला आणि तिला त्या जबड्यापुढे धरलं. टिश्यू गेला. तिने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडात पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ती जी हसायला लागली, ते हसू मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पोटातून येणारं, श्वास अडकवणारं.

"अजून."

माझ्याकडचे टिश्यू संपले. नवऱ्याच्या खिशातली पेट्रोलपंपाची पावती गेली. मग आईने पर्स उघडली. माझी आई साताऱ्याची, काहीही फेकून न देणारी. त्या पर्समध्ये घडी करून ठेवलेली औषधाच्या दुकानाची बिलं निघाली, सातारा-स्वारगेटचं एसटीचं तिकीट निघालं, कुठल्याशा लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरचा पत्ता निघाला. एकेक कागद ती नातीच्या हातात देत होती आणि खाइससाहेब खात होते. "अगं, हा तर बकासुर," आई म्हणाली. "ह्याला गाडाभर भात लागेल."

माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचं वेळापत्रक होतं. दहा वाजता सिम्बोलिका, साडेदहाला ड्रोमफ्लुख्त, गर्दी वाढायच्या आत ह्या दोन्ही राइड उरकायच्या, मग जेवण, मग आगगाडी. आठवडाभर रात्री बसून मी ते तयार केलं होतं. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि परत जायला जेमतेम दोन आठवडे राहिले होते. तिला सगळं दाखवायचं, लेकीलाही सगळं दाखवायचं, असं मनात घट्ट बसलेलं. दिवसही विचार करून निवडला होता. जूनमधला मंगळवार. इथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलैत लागते, त्यामुळे जूनमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी असते. मूल शाळेत जायला लागलं की ही मोकळीक संपते. शिवाय चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. मोठ्यांच्या तिकिटाचा दर मात्र तारखेनुसार बदलतो आणि दिवस आधी ऑनलाइन ठरवलेला बरा.

आम्ही आइंडहोवनला राहतो. तिथून एफ्टेलिंगचं गाव कात्सह्यूवेल गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर. १९५२ च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी इथे परीकथांचं रान उघडलं, तेव्हा त्यात दहा गोष्टी होत्या. पाळणे नव्हते, वेगाचं काहीच नव्हतं. झाडांमधून पायवाटा, आणि वळणावळणावर एकेक गोष्ट उभी केलेली. चित्रं आंतोन पीक यांची आणि त्यांना हलतं-बोलतं करण्याची करामत पीटर राइनडर्स यांची. हे राइनडर्स आमच्याच आइंडहोवनचे, त्यामुळे मला उगाचच शेजारच्या आजोबांबद्दल वाटावी तशी आपुलकी वाटते. पायथन नावाचा पहिला मोठा रोलर कोस्टर यायला १९८१ उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं लोक इथे मुख्यतः चालायला, थांबायला आणि बघायला येत होते. ही गोष्ट मला आधीपासून वाचून माहीत होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

प्रवेशद्वारावरच आई थबकली होती. पाच उंच शिखरांचं ते छप्पर बोरूच्या काड्यांनी शाकारलेलं आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या गवती छपरांपैकी एक. आईचं बालपण कोयनेच्या खोऱ्यात गेलं. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारणं तिने पाहिलेलं. मान वर करून ती बराच वेळ बघत राहिली. "एवढं शाकारायला किती माणसं लागली असतील गं?" मी मागून तिला घाई करत होते, कारण दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती घाई आता आठवली की वाईट वाटतं.

तर बकासुरापासून आम्ही कशाबशा हललो आणि मी सगळ्यांना ड्रोमफ्लुख्तच्या रांगेत नेलं. टांगत्या डब्यात बसून परीराज्यातून फिरायचं, उंचीची अट नाही, छोट्यांसाठी अगदी योग्य, असं सगळीकडे वाचलेलं. ॲपवर चाळीस मिनिटं दाखवत होती. चाळीस मिनिटं मोठ्या माणसाला काहीच नाहीत. सव्वादोन वर्षांच्या मुलीला, जी नुकतीच तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आनंदापासून उचलून आणली आहे, तिला ती किती असतात हे मला विसाव्या मिनिटाला कळलं. आधी ती नुसती "खाऊ कागद, खाऊ कागद" म्हणत होती. मग पाठीची कमान केली. मग जमिनीवर आडवी. लाल चेहरा, आवाज बसेपर्यंत रडणं. बिस्किट दिलं ते फेकलं, पाणी दिलं ते सांडलं. पुढे माणसं, मागे माणसं, दोन्ही बाजूंना कठडे. माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

तेव्हा आई म्हणाली, "चल, निघू या."

"आई, वीसच मिनिटं राहिलीत."

"तुझी वीस. तिची नाहीत."

मागे उभ्या असलेल्या एका डच आजींनी "खेफ्त निक्स, खेफ्त निक्स" म्हणजे 'काही हरकत नाही' म्हणत वाट करून दिली, त्यांच्या मागच्यांनी दिली, आणि आम्ही उलट्या दिशेने रांगेतून बाहेर पडलो. मी फोन पिशवीत टाकला. नवऱ्याने विचारलं, "आता कुठे?" मी म्हटलं, "ही जाईल तिकडे."

ती आणि आई पुढे, आम्ही दोघं मागे. आईचे गुडघे दुखतात. ती दर पन्नास पावलांनी थांबते. लेक दर पाच पावलांनी थांबते. दोघींची चाल इतकी जुळली की आम्हालाच आमची पावलं आखडती घ्यावी लागत होती. आणि ते रान ह्या चालीसाठीच बनवलेलं आहे. दर पन्नास पावलांवर एक बाक, दर पाच पावलांवर काहीतरी बघण्यासारखं. पांढऱ्या ठिपक्यांचे लाल अळंबे आहेत, त्यांना कान लावला की आतून बारीक, टिकटिकत्या सुरात वाद्य वाजतं. तिथे लेकीने कान लावला, मग आईने गुडघ्यावर हात टेकून वाकून कान लावला. मग लेकीने दुसऱ्या अळंब्याला, मग आईने. सगळे अळंबे झाले. लांगनेक नावाचा लांब मानेचा माणूस आहे, त्याची मान हळूहळू वर वर जाते. मान खाली आली की लेक म्हणायची "परत", आणि त्याची मान परत वर जायची. तिच्या दृष्टीने तो तिचंच ऐकत होता.

एका चौकात लाल बुटांची एक जोडी आपोआप नाचते, आत कोणाचेच पाय नसताना. लेकीने ते पाहिलं, खाली बसली, आपले बूट काढले, फरशीवर शेजारी शेजारी नीट ठेवले आणि वाट बघत बसली. आम्ही कोणी काही बोललो नाही. पाच मिनिटं तरी ती त्या बुटांकडे बघत होती. मग आईने हळूच आपले स्पोर्ट शूज काढून त्यांच्या शेजारी ठेवले आणि म्हणाली, "ह्यांना पण अजून नाच येत नाही बघ. शिकतील." तेवढ्याने तिचं समाधान झालं.

आणि पोपट. आपण जे बोलू ते तो आपल्याच आवाजात परत म्हणतो. समोरची डच मुलं त्याच्याशी काहीबाही बोलत होती आणि पोपट ते परत करत होता. आमची पाळी आली तर लेक माझ्या पायांमागे लपली. तेव्हा आई पुढे झाली. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले, माहेरच्या पडवीतल्या पिंजऱ्यापुढे उभी असल्यासारखी, आणि म्हणाली, "विठू विठू! बोल, विठू विठू!"

पोपट म्हणाला, "विठू विठू! बोल, विठू विठू!"

आईचे डोळे भरून आले. तिच्या लहानपणी घरी पाळलेल्या पोपटाच्या गोष्टी मी शंभर वेळा ऐकल्या आहेत, पण पोपट कसा बोलायचा ते मला त्या दिवशी दिसलं, हॉलंडमधल्या एका रानात. मग लेक बाहेर आली आणि तिनेही 'विठू' म्हटलं. त्याआधी तिला हा शब्द येत नव्हता. मागे उभं असलेलं एक डच पोरगं पुढे आलं आणि पोपटाला म्हणालं, "फितू!"

फकिराचंही सांगायला हवं. १९५८ पासून हा फकीर एका बुरुजात बसून बासरी वाजवतो, जमिनीतून ट्युलिप वर येतात, मग तो आपल्या गालिच्यावरून उडत दुसऱ्या बुरुजात जातो आणि तिथेही फुलं उगवतात. पीक यांच्या कल्पनेतली पूर्व ही अशी, भारत, अरबस्तान सगळं एकात मिसळलेली. मला अशा गोष्टी पूर्वी खटकायच्या. आईला अजिबात खटकल्या नाहीत. "बासरी वाजवतोय ना, म्हणजे आपलाच कोणीतरी," एवढं म्हणून ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

जेवण आम्ही घरून नेलं होतं. आत स्वतःचं खाणं आणता येतं आणि लहान मुलासाठी ते आणावंच. आईने पहाटे उठून दशम्या आणि लसणाची चटणी केली होती, थर्मासमध्ये मऊ भात आणि तूप. लाकडी हातगाडी, जिला इथे बोल्डरकार म्हणतात, ती आत भाड्याने मिळते. आम्ही घेतली. लेक तिच्यात दहा मिनिटं बसली असेल, बाकी दिवसभर ती पिशव्यांची आणि आईच्या शालीची गाडी झाली. पण झोपेच्या वेळेला तिचा उपयोग झाला. माझी एक चूक मात्र सांगून ठेवते. कपड्यांचा दुसरा जोड मी गाडीच्या डिकीत ठेवला होता, आणि वाहनतळ चांगलाच लांब. सकाळच्या पावसाचं एक डबकं लेकीला सापडलं आणि ती त्यात बसकण मारून बसली. शेवटी आईने आपली ओढणी काढून तिला कमरेभोवती गुंडाळली आणि लेगिंग बोल्डरकारच्या दांड्यावर वाळत घातली. दुसरा जोड, डायपर आणि एक प्लास्टिकची पिशवी अंगावरच्या बॅगेतच हवी.

दीडच्या सुमारास ती भात खाऊन हातगाडीतच झोपली. तळ्याकाठी बाक, आई बाकावर, एक हात गाडीच्या दांड्यावर. आई म्हणाली, "जा तुम्ही दोघं. मी आहे." लहान मूल असलं की एफ्टेलिंगमध्ये एका पालकाने बसायचं, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं आणि मग अदलाबदल करायची, परत पूर्ण रांग न लावता, अशी सोय आहे. आम्ही तीच वापरणार होतो. आईमुळे दोघांना एकत्र जाता आलं. बारोन १८९८ हा खाणीत कोसळणारा कोस्टर आहे. तीस मीटरच्या उंचीवर कडेशी नेऊन आपल्याला तोंड खाली करून क्षणभर लोंबकळत ठेवतो आणि मग सरळ जमिनीच्या पोटात सोडतो. त्या क्षणी नवरा माझा हात घट्ट धरून होता, आणि माझ्या मनात आलं की दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं हातात पिशवी, बाटली, मूल असं काही न धरता शेजारी शेजारी बसलो आहोत. परत आलो तेव्हा लेक अजून झोपेतच होती. आई शेजारच्या बाईंशी बोलत होती. कोणत्या भाषेत, ते मला अजून कळलेलं नाही.

चारनंतर छोट्या मुलांच्या घरची मंडळी परतायला लागतात आणि रांगा ओसरतात. ड्रोमफ्लुख्तसमोर आता दहा मिनिटं दाखवत होती. झोप झालेली, पोट भरलेलं. तेच मूल, तीच रांग, आणि तिने हूं की चूं केलं नाही. आत डबा अंधारातून निघतो आणि मग रानं, तरंगणारे किल्ले, पऱ्या, शेवटी गोल गोल खाली उतरत दलदलीतले बुटके. आईने तिला मांडीवर घेतलं होतं. सबंध वेळ दोघींची तोंडं उघडी होती. शेवटच्या उतारावर लेकीने आजीच्या गळ्याला मिठी मारली आणि आईने डब्याच्या दांड्याला.

'इंडिशे वाटरलेलीज' म्हणजे 'भारतीय कमळं', हे नाव नकाशावर वाचून आईनेच तिकडे जायचं ठरवलं. १९६६ मध्ये सुरू झालेला हा देखावा. पुढे बेल्जियमची राणी झालेल्या फाबिओलाने लग्नाआधी लिहिलेल्या एका परीकथेवरून तो केलेला आहे. चांदण्या तळ्यावर नाचायला उतरतात, चेटकीण त्यांना अडकवून त्यांची कमळं करते. गुहेत काळोख आहे. लेकीने आधी माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मग बेडकांचा वाद्यवृंद सुरू झाला, तसा एक डोळा बाहेर आला, मग दुसरा. बदकांसारख्या तुरुतुरु चालणाऱ्या हंसांच्या रांगेने तिला पूर्ण जिंकलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "गोष्ट छान आहे, पण आपल्याकडची नाही हं ती. आपल्याकडे कमळात लक्ष्मी बसते, कोणी कोणाला कमळ करत नाही." आणि परतताना वाटेत तिने लेकीला कमळातल्या लक्ष्मीची गोष्ट सांगितली.

वाफेच्या गाडीत बसल्यावर आईने पहिल्यांदा मान्य केलं की पाय दुखताहेत. १९६९ पासून ही छोटी आगगाडी बागेला वळसा घालते. रूळ सहाशे मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांएवढेच जवळजवळ. मी हे सांगितल्यावर आई खिडकीतून बघत म्हणाली, "म्हणून वाटलं मला, ह्या गाडीत आपण पूर्वी बसलोय."

सिम्बोलिका राहिलं. संध्याकाळचा कारंज्यांचा खेळ राहिला. निघताना वाटेत एक खाइस दिसणारच होता, आणि आमच्याकडे एकही कागद उरला नव्हता. नवरा मुकाट्याने जाऊन कागदी पुडीतले फ्रीत, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, घेऊन आला. आम्ही चौघांनी उभ्या उभ्या ते संपवले, कारण पुडी रिकामी व्हायला हवी होती. पुडी गेली. नॅपकिन गेले. तिकिटाची छापलेली प्रत मी आठवण म्हणून जपून ठेवणार होते, तीही दिली. "दांक ये वेल," तो म्हणाला. लेकीने हात हलवून त्याला टाटा केला आणि गाडीत बसेपर्यंत आजीच्या खांद्यावर झोपून गेली.

आई साताऱ्याला परत गेली त्याला आता चार महिने झाले. रोज संध्याकाळी इथल्या पाच वाजता तिचा व्हिडिओ कॉल येतो. लेक पूर्वी फोनसमोर पाच सेकंदसुद्धा टिकायची नाही. आता फोन वाजला की ती आधी स्वयंपाकघरात पळते, कागदाचा तुकडा शोधून आणते आणि पडद्यापुढे धरते. पलीकडे आई आपला जबडा होईल तेवढा मोठा उघडून म्हणते, "पापीर हीर! पापीर हीर!"